कागदावर लिहिलेला नाद : काइया सारिआहो यांची हेलसिंकी ते पॅरिस वाटचाल

हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीत बसलेल्या श्रोत्याला समोर जे चालले आहे ते कोणी रचले, असा प्रश्न सहसा पडत नाही, कारण बंदिश जुनी असली तरी तिचा विस्तार गाणारा त्या क्षणी स्वतःच करत असतो आणि गाणारा व रचणारा यांच्यात भिंत नसते. पाश्चात्त्य अभिजात संगीतात ही भिंत आहे. तिथे रचनाकार प्रत्येक वाद्याने कोणता स्वर, किती वेळ, किती जोरात आणि कशा पद्धतीने वाजवायचा हे कागदावर लिहितो, आणि रचना सादर होते त्या संध्याकाळी तो बहुतेक वेळा श्रोत्यांमध्येच बसलेला असतो. कोणी वाजवायला घेईपर्यंत त्याची कृती म्हणजे केवळ लिहिलेली पाने असतात. म्हणून आजच्या काळातल्या अशा रचनाकाराची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर त्याला काय सुचले एवढेच पाहून भागत नाही. ते वाजवायला कोण तयार झाले, त्यासाठी पैसे कोणी दिले आणि हे सगळे कोणत्या गावात जुळून आले, हेही पाहावे लागते. परक्या देशात जाऊन काम करणाऱ्याच्या बाबतीत तर हे प्रश्न अधिकच महत्त्वाचे ठरतात. फिनलंडमध्ये जन्मलेल्या आणि चाळीस वर्षे पॅरिसमध्ये राहिलेल्या काइया सारिआहो यांच्या आयुष्यात या प्रश्नांची उत्तरे फार स्पष्ट दिसतात, म्हणून त्यांचे उदाहरण घेतो.

सारिआहो यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५२ रोजी हेलसिंकी येथे झाला. लहानपणी रात्री झोपताना त्यांना संगीत ऐकू येत असे; ते उशीतून येते अशी त्यांची समजूत होती आणि ती उशी बंद कर, असे त्या आईला सांगत, ही आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. त्या व्हायोलिन, पियानो आणि ऑर्गन शिकल्या, काही काळ चित्रकलेच्या शिक्षणाकडेही वळल्या, आणि १९७६ मध्ये हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत पाव्हो हेइनिनेन यांच्याकडे रचना शिकू लागल्या. त्या काळी रचनेच्या वर्गात मुली जवळजवळ नसत. फिनलंडमध्ये संगीतशिक्षणाला सरकारी पाठबळ होते, वाद्यवृंदही होते, पण नव्या युरोपीय संगीताचे वारे तिथवर फारसे पोहोचत नव्हते. १९७७ मध्ये सारिआहो, मॅग्नस लिंडबर्ग, एसा-पेक्का सालोनेन आणि त्यांच्या काही सोबत्यांनी ‘कोर्व्हात आउकी’ म्हणजे ‘कान उघडे’ नावाची संस्था काढली. विशीतल्या मुलांनी उभा केलेला हा गट पुढे किती उपयोगी पडला, ते सांगताना पुन्हा त्याच्याकडे यावे लागेल.

१९८१ मध्ये त्या जर्मनीतील फ्रायबुर्गला ब्रायन फर्नीहो आणि क्लाउस ह्युबर यांच्याकडे शिकायला गेल्या. तिथे भर होता तो रचनेच्या काटेकोर, गणिती बांधणीवर. कागदावर अत्यंत गुंतागुंतीची दिसणारी रचना कानाला तितकीच वेगळी जाणवते का, हा प्रश्न त्यांना तिथे छळू लागला. त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीतल्याच डार्मश्टाट येथील नव्या संगीताच्या उन्हाळी वर्गात त्यांनी जेरार ग्रिझे आणि त्रिस्तां म्युराय या दोन फ्रेंच रचनाकारांचे संगीत ऐकले होते. ते संगीत आकड्यांतून नव्हे, नादाच्या पोटातून निघाल्यासारखे होते. या एका श्रवणाने त्यांची पुढची दिशा ठरली असे म्हणता येईल, आणि ते का, हे समजण्यासाठी आपल्याला थोडे थांबून नादाकडे पाहावे लागेल.

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेल्यांना नादाची तीन लक्षणे पाठ असतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. पहिल्या दोन लक्षणांबद्दल पुस्तकात बरेच लिहिलेले असते. जातीबद्दल मात्र एवढेच, की एकच षड्ज बासरीचा, सतारीचा की माणसाच्या गळ्याचा हे तिच्यामुळे ओळखता येते. ती जात नेमकी कशाने ठरते? तंबोऱ्याच्या खर्जाची तार छेडा. ती सेकंदाला १०० वेळा कंप पावते असे समजू. पण ती फक्त १०० कंपने करून थांबत नाही. त्याच वेळी ती २००, ३००, ४००, ५०० अशा पटींतही कंप पावत असते. ३०० कंपनांचा स्वर म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम, आणि ५०० कंपनांचा स्वर म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गांधार. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून कोणीही न छेडलेला जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो हाच. घोडीवर तारेखाली सरकवलेला सुती दोरा केसभर पुढेमागे केला, की जवारी खुलते किंवा मिटते, म्हणजेच या उपस्वरांपैकी कोणते ठळक व्हायचे आणि कोणते दबायचे ते बदलते. मूळ स्वर तोच राहतो, पण नादाचा रंग पालटतो. तंबोरा जुळवताना गवई जे कानाने करतो, त्यालाच वर सांगितलेल्या फ्रेंच मंडळींनी रचनेचा विषय बनवले.

प्रकाश लोलकातून गेला की त्याचे रंग वेगळे होतात आणि त्याला आपण वर्णपट म्हणतो. ध्वनीचाही असा वर्णपट काढता येतो : एका नादात कोणते उपस्वर किती प्रमाणात आहेत आणि काळाबरोबर ते कसे बदलतात, याचा आलेख. ग्रिझे यांनी १९७५ मध्ये ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्याच्या एका खालच्या स्वराचा वर्णपट घेतला आणि त्यातला एकेक उपस्वर एकेका वाद्याला वाटून दिला. अठरा वादक मिळून जणू एकच प्रचंड मोठा ट्रॉम्बोन वाजवतात, असा तो अनुभव आहे. या विचाराला पुढे वर्णपटवादी संगीत असे नाव पडले. त्याआधीच्या युरोपीय संगीतात स्वरसंगती हा पाया होता आणि वाद्याचा रंग ही वरची सजावट. इथे रंगच पाया झाला. पाश्चात्त्य संगीताची सवय नसलेल्या, पण तंबोऱ्यासमोर बसलेल्या माणसाला हे संगीत मोझार्टपेक्षाही जवळचे वाटू शकेल, असे मला मनापासून वाटते.

सारिआहो १९८२ मध्ये पॅरिसला आल्या, त्या इर्काम या संस्थेतील संगणकाच्या अभ्यासक्रमासाठी. फ्रेंच रचनाकार पिएर बुलेझ यांनी स्थापन केलेली आणि १९७७ मध्ये सुरू झालेली ही संस्था पाँपिदू केंद्र या कलाकेंद्राच्या शेजारी, बरीचशी जमिनीखाली आहे, आणि संगीतकार व ध्वनिशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून काम करावे हाच तिचा उद्देश. आज कोणत्याही लॅपटॉपवर ध्वनीचा वर्णपट काही क्षणांत निघतो. १९८२ मध्ये त्यासाठी लागणारे संगणक आणि ते चालवणारी माणसे जगात मोजक्याच ठिकाणी होती. म्हणून पॅरिसला जाणे ही सारिआहो यांच्यासाठी प्रतिष्ठेपेक्षा अवजाराची गरज होती. एखाद्या खगोलशास्त्रज्ञाने मोठी दुर्बीण जिथे आहे तिथे जाऊन राहावे, तसे ते होते. इर्काममध्येच त्यांची भेट झाँ-बातिस्त बारिएर यांच्याशी झाली. ते स्वतः रचनाकार होते आणि संगणकाने मानवी गळ्यासारखा आवाज घडवण्याच्या कामात गुंतले होते. पुढे दोघांनी लग्न केले आणि पॅरिस हेच घर झाले.

या अवजाराचे त्यांनी काय केले? पूर्वीच्या संगीतात ताण आणि विसावा हे स्वरांच्या नात्यातून निर्माण होत : बेसूर वाटणारी संगती ताण आणते, सुसंवादी संगती विसावा देते. सारिआहो यांनी या जागी दुसरीच जोडी ठेवली, एका टोकाला स्वच्छ स्वर आणि दुसऱ्या टोकाला खरखर. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या जातीचे, पण मोठे आणि खालच्या स्वरांचे वाद्य. त्याच्या तारेवर गज हलक्या हाताने फिरवला तर निर्मळ स्वर निघतो. तोच गज घोडीजवळ नेऊन दाब वाढवत गेले, तर स्वर हळूहळू फाटतो आणि शेवटी नुसते घर्षण उरते. बासरीत फुंकेचा आवाज वाढवत नेला, तर स्वर विरून श्वास उरतो. या दोन टोकांमधला प्रवास म्हणजेच त्यांची लय आणि त्यांचे कथानक. १९८६ मधील ‘लिष्टबोगेन’ ही रचना नऊ वाद्ये आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनिप्रक्रिया यांच्यासाठी आहे. चेलोचा स्वर खरखरीकडे झुकताना त्याच्या पोटात काय घडते, याचे संगणकावर केलेले विश्लेषण तिच्या मुळाशी आहे, आणि नाव सुचले ते उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात हलणाऱ्या प्रकाशाच्या कमानींवरून. प्रयोगशाळेतून निघालेली ही कृती ऐकताना प्रयोगशाळा आठवतही नाही. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी इथूनच करावी.

‘लाकोनिस्म द लेल’ ही एकट्या बासरीची १९८२ मधील रचनाही याच विचाराचे लहानसे रूप आहे. तिच्यात वादक आधी कवितेच्या ओळी बोलतो, बोलणे कुजबुजीत जाते, कुजबुज श्वासात आणि श्वास बासरीच्या स्वरात. कॅमिला हॉयटेंगा या अमेरिकन बासरीवादिकेने ही रचना जगभर वाजवली आणि पुढची चाळीस वर्षे सारिआहो यांची बासरीसाठीची बहुतेक रचना तिच्या सहवासात घडली. चेलोच्या बाबतीत हेच स्थान आन्सी कार्टुनेन यांचे होते, क्लॅरिनेटच्या बाबतीत कारी क्रीकू यांचे. वादक घरी येणार, एखादी जागा दहा प्रकारे वाजवून दाखवणार, रचनाकार त्यातला एक प्रकार निवडून त्यासाठी नवे चिन्ह ठरवणार, आणि मग ते चिन्ह दुसऱ्या देशातल्या अनोळखी वादकालाही कळेल अशा रीतीने लिहिणार, असे हे काम चालते. आपल्याकडे साथीदार आणि गायक यांचे वर्षानुवर्षांचे सूर जुळतात त्याच्याशी याचे साम्य आहे, फरक इतकाच की तिथे त्या जुळण्याचे फळ कागदावर उतरते आणि मूळ माणसे नसतानाही वाजू शकते.

आता पैशांकडे वळू, कारण त्याशिवाय ही कारकीर्द समजणार नाही. जिवंत रचनाकार आधी लिहून मग गिऱ्हाईक शोधतो असे सहसा होत नाही. एखादा वाद्यवृंद, महोत्सव, रेडिओ किंवा प्रतिष्ठान त्याला ठरावीक कालावधीची, ठरावीक वाद्यांसाठीची नवी रचना लिहायला सांगते आणि त्यासाठी मानधन देते. याला कमिशन म्हणतात. वर्षभराचे काम आणि ऐंशी वादकांच्या तालमींचा खर्च एकट्या संस्थेला पेलत नाही, म्हणून दोन-चार देशांतील संस्था मिळून एकच रचना मागवतात आणि तिचे प्रयोग आपापल्या शहरात करतात. नव्या संगीताची खरी अडचण पहिल्या प्रयोगाची नसते, दुसऱ्याची असते. पहिल्या प्रयोगाला बातमी असते, कुतूहल असते. त्यानंतर बहुतेक रचना कपाटात जातात. अशा वेळी प्रकाशक उपयोगी पडतो. तो रचना छापतो, वाद्यवृंदातल्या एकेका वाद्याची वेगळी लिहिलेली पाने भाड्याने देतो आणि ती रचना वाजवली जावी म्हणून वाद्यवृंद चालवणाऱ्या संचालकांच्या (कंडक्टरच्या) मागे लागतो. सारिआहो यांच्या रचना आधी कोपनहेगनच्या विल्हेल्म हॅन्सन आणि नंतर लंडनच्या चेस्टर म्युझिक यांनी प्रकाशित केल्या. प्रत्येक प्रयोगामागे आणि प्रसारणामागे रचनाकाराला मिळणारा हक्काचा मोबदला गोळा करणाऱ्या संस्था असतात. फ्रान्समधली अशी संस्था १८५१ पासून चालू आहे. या सर्व यंत्रणेत एक दुवा जरी नसला तरी रचनाकाराला उपजीविकेसाठी दुसरे काही करावे लागते.

याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतले आहे. वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले, पॅरिसमध्ये नादिया बुलाँजे यांच्यासारख्या नामवंत गुरूकडे शिकले आणि मायदेशी परतले. त्यांचे शिक्षण कोणत्याही युरोपीय रचनाकाराच्या तोडीचे होते. पण मुंबईत पाश्चात्त्य अभिजात रचना मागवणारी संस्था नव्हती, छापणारा प्रकाशक नव्हता, आणि एनसीपीए या मुंबईतल्या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला तो २००६ मध्ये. भाटियांनी जाहिरातींना, चित्रपटांना आणि ‘भारत एक खोज’सारख्या मालिकेला अविस्मरणीय संगीत दिले, याचा अभिमान आहेच, तरी त्यांना अशी यंत्रणा मिळाली असती तर त्यांच्या हातून किती सिंफनी, किती ऑपेरा (म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने गाऊन सादर होणारी नाटके) झाले असते, या विचाराने हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

सारिआहो यांना ती यंत्रणा मिळाली, आणि ती केवळ पॅरिसने दिली नाही. ‘कोर्व्हात आउकी’मधले सोबती तोवर मोठे झाले होते, सालोनेन लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत संचालक बनले आणि जिथे गेले तिथे त्यांनी या मैत्रिणीच्या रचना वाजवल्या. म्हणजे घर सोडल्यावरही घरची माणसेच त्यांचे संगीत जगभर नेत होती. १९८७ मध्ये क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवाद्यवादकांच्या गटासाठी ‘नँफेआ’, १९९४ मध्ये गिडॉन क्रेमर यांच्यासाठी ‘ग्राल तेआत्र’ हा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकटे व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, अशी नामवंत वादकांची रांग लागली.

ऑपेरा आपला प्रांत नाही, अशी त्यांची बराच काळ समजूत होती. १९९२ मध्ये ऑस्ट्रियातील झाल्त्सबुर्ग येथे दिग्दर्शक पीटर सेलर्स यांनी बसवलेला फ्रेंच रचनाकार ऑलिव्हिए मेसियाँ यांचा संत फ्रान्सिसवरचा ऑपेरा त्यांनी पाहिला आणि ती समजूत गेली. त्यात फारशी घटनाच नाही. जे घडते ते माणसाच्या आत. आपले संथ, नादाच्या रंगावर चालणारे संगीतही रंगमंचावर उभे राहू शकते, हे त्यांना तिथे दिसले. त्यांनी निवडली ती बाराव्या शतकातल्या जोफ्रे र्‍युदेल या कवीची कथा : फ्रान्समधला हा सरदार समुद्रापलीकडच्या, आजच्या लेबनॉनमधल्या ट्रिपोलीच्या सरदारकन्येवर, तिला न पाहताच, प्रेम करतो, तिच्यावर गाणी रचतो आणि शेवटी तिच्याकडे निघतो तो वाटेतच आजारी पडून तिच्या कुशीत मरायला. संहिता लिहिली अमीन मालूफ यांनी. मालूफ लेबनॉनमधल्या युद्धामुळे १९७६ मध्ये पॅरिसला आलेले. दूरच्या प्रेमाची ही कथा फिनलंड सोडलेल्या बाईने आणि लेबनॉन सोडलेल्या माणसाने मिळून लिहिली आहे, आणि नायिका क्लेमाँस जेव्हा लहानपणी सोडलेल्या देशाबद्दल गाते, तेव्हा त्यामागे दोघांचेही अनुभव असणार असे मला वाटते. ‘लामूर द ल्वँ’ म्हणजे ‘दूरचे प्रेम’ या ऑपेराचा पहिला प्रयोग ऑगस्ट २००० मध्ये झाल्त्सबुर्ग महोत्सवात झाला; महोत्सवाचे प्रमुख जेरार मोर्तिए, दिग्दर्शक सेलर्स, संचालक केंट नागानो आणि क्लेमाँसच्या भूमिकेत डॉन अपशॉ. तालमींसाठी झाल्त्सबुर्गला मुक्काम असतानाच, इतक्या मोठ्या कामातून जरा बाहेर पडावे म्हणून, त्यांनी कार्टुनेन यांच्यासाठी एकट्या चेलोच्या सात छोट्या रचना लिहायला घेतल्या, ‘सात फुलपाखरे’.

दुसऱ्या प्रयोगाची जी अडचण वर सांगितली, ती या ऑपेराला आली नाही. पॅरिस, सांता फे, हेलसिंकी असे त्याचे प्रयोग होत राहिले, २००३ मध्ये त्याला संगीतरचनेसाठीचा ग्रॉमायर पुरस्कार मिळाला आणि १ डिसेंबर २०१६ रोजी तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात उभा राहिला. रॉबर्ट लपाज यांनी रंगमंचावर हजारो एलईडी दिव्यांचा समुद्र केला होता आणि वाद्यवृंदासमोर होत्या सुसाना मॅल्की, म्हणजे पुन्हा फिनलंडच्याच. त्या रंगमंचावर स्त्रीने रचलेला ऑपेरा याआधी झाला होता तो १९०३ मध्ये, इंग्लंडच्या एथेल स्मिथ यांचा. मधली ११३ वर्षे रिकामी. सारिआहो यांना रचनाकाराच्या आधी ‘स्त्री’ हे विशेषण लागलेले आवडत नसे, पण त्या रिकाम्या वर्षांचा उल्लेख न करता त्या संध्याकाळबद्दल लिहिणे शक्य नाही. २०१९ मध्ये बीबीसी म्युझिक मॅगझिनने १७४ रचनाकारांना सर्वश्रेष्ठ रचनाकार निवडायला सांगितले, तेव्हा हयात असलेल्यांमध्ये पहिले नाव त्यांचे आले. समव्यवसायिकांनी दिलेले हे मत मला पुरस्कारांपेक्षा मोलाचे वाटते.

त्यांच्या रचनांची नावे क्रमाने वाचली तर त्यांचा प्रवासच वाचल्यासारखा होतो. कधी जर्मन नावे, कधी फ्रेंच, मध्येच इंग्रजी, आणि नंतर ऑर्गन व वाद्यवृंदासाठीच्या रचनेला पुन्हा फिनिश नाव, ‘मान वार्योत’, धरतीच्या सावल्या. त्यांचा शेवटचा ऑपेरा ‘इनोसन्स’ महामारीमुळे वर्षभर लांबून जुलै २०२१ मध्ये फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस येथे झाला. एका आंतरराष्ट्रीय शाळेत झालेल्या गोळीबाराचा घाव दहा वर्षांनी एका लग्नसमारंभात पुन्हा उघडतो, अशी ही कथा फिनिश लेखिका सोफी ओक्सानेन यांनी लिहिली आणि सारिआहो यांचा मुलगा आलेक्सी बारिएर याने ती नऊ भाषांत बांधली. प्रत्येक पात्र आपापल्या भाषेत बोलते किंवा गाते, आणि प्रत्येक भाषेच्या चालीतून त्या पात्राचे संगीत निघते; मरण पावलेल्या मुलीच्या भूमिकेत तर फिनलंडच्या लोकगायनातला आवाज योजला आहे. पाच ऑपेरा संस्थांनी मिळून मागवलेली ही कृती लंडन, सॅन फ्रान्सिस्को अशी फिरली. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, तालमीत तिसरी, असे चाळीस वर्षे जगलेल्या माणसाशिवाय इतर कोणाच्या हातून ही रचना झाली असती असे वाटत नाही.

या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाआधीच, २०२१ च्या फेब्रुवारीत, त्यांना मेंदूच्या कर्करोगाचे निदान झाले होते. २ जून २०२३ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी शेवटी लिहिलेला ट्रम्पेट कॉन्चेर्टो ‘हश’ ऑगस्टमध्ये हेलसिंकीत वाजला, मॅल्की यांच्याच संचालनाखाली. त्याच शहरातल्या नव्या संगीतभवनात, २०११ मध्ये ते उघडले तेव्हा, ऑर्गनची जागा पैशांअभावी रिकामी राहिली होती. २०१७ मध्ये सारिआहो यांनी त्यासाठी दहा लाख युरो दिले. ऑस्ट्रियात घडवलेला तो ऑर्गन १ जानेवारी २०२४ रोजी पहिल्यांदा लोकांसमोर वाजला.